स्मज पेंटिंगमध्ये चेहरा प्लॅस्टिकसारखा का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरला फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात डिझाइनचं काम करणारा एक तरुण व्हिडिओ बघून फोटोशॉपमधलं स्मज पेंटिंग, म्हणजे फोटोतलेच रंग ओढून त्याला रंगवलेल्या चित्राचं रूप देणं, शिकला आहे. काम गुळगुळीत होतं, पण चेहरा प्लॅस्टिकचा वाटतो, केस चिकटून त्यांचा गोळा होतो. वर्षश्राद्धासाठी करून घेतलेलं चित्र बघून एका गिऱ्हाइकाने तोंडावरच सांगितलं, "छान झालंय की, पण ही आमची आज्जी न्हवं." ब्रश कोणता घ्यायचा, सेटिंग काय ठेवायचं, टॅब्लेट घ्यावाच लागेल का, आणि पैसे किती मागायचे, असं त्याने विचारलं आहे.

सेटिंग सांगतो, आकड्यांसकट सांगतो. पण तुमच्या गिऱ्हाइकाची आज्जी हरवली ती ब्रशमुळे नव्हे, हात ज्या दिशेने फिरला त्यामुळे. ते आधी बघू.

स्मज टूल ब्रश जिथे टेकतो तिथला रंग उचलतं आणि तुम्ही न्याल तिकडे ओढत नेतं. स्ट्रेंग्थ म्हणजे उचललेला रंग किती लांबपर्यंत टिकणार. ती १०० केली की पहिला रंग न संपता सरकत राहतो, ३० केली की लगेच पुढच्या रंगात विरून जातो. नवीन माणूस मऊ कडांचा गोल ब्रश घेतो, स्ट्रेंग्थ वीस-तीसवर ठेवतो आणि गालावरून लादी पुसल्यासारखा हात पुढे-मागे फिरवतो. त्यात गालाच्या हाडावरचा उजेड, त्याखालची सावली आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी या तिन्हींचे रंग एकमेकांत कालवले जातात आणि मधला एकच रंग उरतो. उठाव गेला. उठाव गेला की ओळख गेली. गुळगुळीतच करायचं असेल तर ब्लरचे फिल्टर आहेत, दोन मिनिटांत होतं. त्याला पेंटिंग म्हणून पैसे घेऊ नयेत एवढंच.

आता फोटो. आमच्याकडे येणारं निम्मं काम असं असतं की माणूस गेलेला आहे आणि घरात एकच फोटो आहे. बँकेच्या पासबुकावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पंक्तीच्या मागे उभं असताना निघालेला. तो मोबाइलने काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांना सांगा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसत नाही. शक्य असेल तर मूळ फोटोच दुकानात मागवा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात १२०० ठिपके) घेतला की साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात, आणि तेवढ्यावर उत्तम चेहरा उभा राहतो. जुन्या फोटोंचा कागद पुष्कळदा दाणेदार असतो, स्कॅनमध्ये त्याचे ठिपके चमकतात. तो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून असा दोनदा स्कॅन करा, दुसरी प्रत सरळ करून पहिलीवर बसवा आणि ५० टक्के ओपॅसिटी द्या, म्हणजे वरची प्रत अर्धी पारदर्शक होईल. ठिपक्यांची चमक दोन्ही स्कॅनमध्ये विरुद्ध बाजूला पडलेली असते, त्यामुळे बरीचशी कटते.

चेहरा आपोआप स्पष्ट करून देणारी एआयची ॲप्स हल्ली सगळेच वापरतात. मीही वापरतो, पण कपड्यांना आणि पार्श्वभूमीला. धूसर फोटोत डोळा दिसत नसेल तर ते ॲप दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा काढून ठेवतं, दात सरळ करतं, पापण्या दाट करतं. अनोळखी माणसाला तो फोटो सुंदर वाटतो. घरच्यांना एका क्षणात कळतं की काहीतरी चुकलंय, फक्त काय ते सांगता येत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या आज्जीच्या फोटोला आधी असं काही केलं होतं का, ते तपासून बघा. केलं असेल तर ती प्रत वरच्या लेअरवर (थरावर) ठेवा, तिला मास्क, म्हणजे नको तो भाग झाकणारा पडदा, लावा आणि डोळे, नाक, ओठ खालच्या मूळ फोटोतले येऊ द्या.

१२ बाय १८ इंचाचं चित्र करायचं असेल तर ३०० पीपीआयला ३६०० बाय ५४०० पिक्सेलचा कॅनव्हास लागतो. फोटो त्या मापाला आधीच वाढवून घ्या आणि मग स्मज सुरू करा. लहान मापावर काम करून शेवटी वाढवलं तर ब्रशचे सगळे फटकारे फुगतात.

मूळ फोटो खाली कुलूप लावून ठेवायचा. त्यावर रिकामा लेअर, आणि टूलच्या पट्टीत 'सॅम्पल ऑल लेअर्स' चालू. म्हणजे रंग खालचा उचलला जातो आणि काम वरच्या लेअरवर होतं; बिघडलं तर तेवढंच खोडायचं. त्वचा, डोळे, केस, कपडे, मागचा भाग असे वेगवेगळे लेअर करा. इथे एक खड्डा आहे जो व्हिडिओवाले दाखवत नाहीत. वर कर्व्ह्ज किंवा रंगाचा एखादा ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या सगळ्याचा रंग-उजेड बदलून दाखवणारा थर) चालू असेल तर स्मज तो लागलेला रंग उचलतं, आणि खाली आणून ठेवल्यावर त्यावर तोच ॲडजस्टमेंट पुन्हा लागतो. त्वचेवर अचानक भडक डाग का पडतायत ते कळत नाही. स्मज करताना वरचे सगळे ॲडजस्टमेंट बंद. रंगसुधारणा करायचीच असेल तर ती आधी खालच्या फोटोत करून घ्या.

ब्रश विकत घेऊ नका, स्वतः करा. साधारण २५० पिक्सेलच्या चौकोनी पांढऱ्या कॅनव्हासवर लहान-मोठे काळे-करडे ठिपके टाका, दाटीवाटी नको, मध्ये पांढरं दिसू द्या. मग एडिट मेनूतून 'डिफाइन ब्रश प्रीसेट'. काळा ठिपका पूर्ण ओढणार, करडा कमी, पांढरा नाही; त्यामुळे खऱ्या कुंचल्याच्या केसांसारख्या रेघा उमटतात. ब्रशच्या सेटिंगमध्ये शेप डायनॅमिक्सला जाऊन अँगलचा कंट्रोल 'डायरेक्शन' करा, म्हणजे हात वळेल तसे ठिपकेही वळतील. स्पेसिंग, म्हणजे ब्रशच्या दोन ठशांमधलं अंतर, ३ ते ५ टक्के. त्याहून जास्त केलं की पायऱ्या दिसतात, कमी केलं की जुना कॉम्प्युटर रडतो. त्वचेला स्ट्रेंग्थ ६० ते ७५, कडा नरम करायला ३०-४०, केस ओढायला ९०. आकडा बदलायला पट्टीपर्यंत जायची गरज नाही: कीबोर्डवर ६ दाबलं की ६० आणि ० दाबलं की १००. 'फिंगर पेंटिंग' बंदच ठेवा; नाहीतर फटकारा सुरू होताना फोरग्राउंडचा रंग मिसळतो. गालाला थोडी लाली हवी तेवढ्यापुरता ऑल्ट दाबून ओढलं की काम होतं.

आता मुख्य मुद्दा, चेहरा. स्मजला हात घालण्याआधी सगळ्यात वर एक 'पोस्टराइज'चा ॲडजस्टमेंट लेअर टाका आणि लेव्हल्स ५ करा. चेहरा उजेड-सावलीच्या पाच पायऱ्यांत दिसेल. डाव्या गालावर उजेडाचा तुकडा कुठे संपतो, नाकाची सावली ओठापर्यंत येते की अलीकडेच थांबते, डोळ्याच्या खोबणीत किती अंधार आहे, हे नीट बघा आणि त्याची एक प्रत बाजूला उघडी ठेवा. मग तो लेअर बंद करा. हा तुमचा नकाशा. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या आत स्मज करायचं. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं नाही. सगळे तुकडे झाले की मग त्यांच्या सीमेवरून, सीमेला समांतर, छोटे छोटे फटकारे. सीमा आडवी ओलांडायची ती फक्त जिथे गोलाई हळू वळते तिथे, उदाहरणार्थ गालावर किंवा कपाळाच्या कडेला, आणि तीही कमी स्ट्रेंग्थने. नाकाच्या शेंड्याखालची सावली ओलांडलीत तर नाक चपटं होतं.

दिशा अशी धरा. कपाळावर भुवईच्या वर आडवे, कानशिलाकडे जाताना खाली वळणारे. नाकाच्या दांड्यावर वरून खाली, नाकपुडीवर गोल. गालावर हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे तिरपे आणि किंचित वाकडे. हनुवटीला गोल. गळा हा नळकांड्यासारखा आकार आहे, तिथे आडवे. पण वयस्क माणसाच्या गळ्यावर कानामागून छातीकडे येणारे स्नायू ताणलेले दिसतात, तिथे त्यांच्या लांबीने. ओठांवर उभे, ओठाच्या बारीक रेघांच्या दिशेने, बाहेरच्या कडेकडून आत. कॅनव्हास फिरवायला आर दाबा. मनगट सहज वळेल त्या कोनात चेहरा फिरवून घ्या; वाकड्या हाताने ओढलेला फटकारा लगेच ओळखू येतो.

चेहरा रंगाच्या वेगळ्या तुकड्यांनी बांधायचा ही वास्तववादी व्यक्तिचित्रणाची जुनी रीत आहे, कॉम्प्युटरच्या फार आधीची. आपल्या बेळगावला तर तिचा वारसाच आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी इथले, आणि १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. कोल्हापूरचं संस्थानी काळातलं व्यक्तिचित्रणही आपल्याला फार लांब नाही. दोन-तीन तास काढून खऱ्या रंगांची व्यक्तिचित्रं जवळून बघा, छापील असली तरी चालेल. गाल जवळून बघितला तर रंगाचे फटकारे सुटे दिसतात, चार पावलं मागं गेलं की एक होतात. आपल्याला तेच करायचं आहे, फक्त रंग फोटोतून उचलायचा आहे.

रंगाचंही सांगतो. सगळ्या चेहऱ्याचा रंग एक नसतो. कपाळ थोडं पिवळसर, गाल-नाक-कान हा मधला पट्टा लालसर, जबडा आणि हनुवटी करड्याकडे झुकलेली. दाढी करणाऱ्या पुरुषात तर निळसर झाक येते. मोबाइलच्या फोटोत कॅमेराच हे सगळं एका रंगाचं करून टाकतो. त्यामुळे त्वचेचा लेअर झाल्यावर वर एक नवीन लेअर घ्या, मोड 'कलर' किंवा 'सॉफ्ट लाइट', मोठा मऊ ब्रश, ओपॅसिटी आठ-दहा टक्के, आणि हे तीन पट्टे हलक्या हाताने परत आणा. प्लॅस्टिकपणा निम्मा इथेच जातो.

आणि गोरं करू नका. "जरा उजळ करा की" असं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. सावळ्या चेहऱ्याची गंमत त्याच्या उजेडाच्या तुकड्यात असते: कपाळावर आणि नाकावर पडणारी चमक थंड, किंचित निळसर, आणि सावली गरम, तांबूस तपकिरी. लेव्हल्स ओढून उजळ केलं की चमक आणि त्वचा एका पायरीवर येतात आणि सगळा चेहरा सपाट राखाडी होतो. मी उजेडाचा तुकडा थोडा वाढवतो, सावलीला हात लावत नाही. गिऱ्हाईक खूश असतं, आणि माणूसही तोच राहतो.

डोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. झूम २०० टक्के, स्वतंत्र लेअर, ब्रश अगदी लहान. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. करडा असतो, कडांना लालसर, आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते. ती सावली पुसली की डोळे वटारल्यासारखे दिसतात. वरच्या पापणीची कड जाड आणि काळी, खालची बारीक आणि अर्धवट. खालची पापणी काळ्या रेघेने पूर्ण आखलीत तर बाईच्या डोळ्यात काजळ घातलेलं नसतानाही दिसेल, आणि पुरुषाचं तर सोंगच होईल. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, उजेड येतो त्या बाजूला. आणि बुबुळ उजळायचं असेल तर त्या ठिपक्याच्या समोरच्या, खालच्या कडेला. उजेड आत शिरून तिथे उतरतो.

वय झालेल्या माणसांच्या बुबुळाभोवती पुष्कळदा एक फिकट राखाडी कडं असतं. स्मजवाले ते घाण समजून पुसून टाकतात. ते ठेवा. तसंच वरची पापणी एका डोळ्यावर जास्त उतरलेली असते, एक भुवई दुसरीपेक्षा वर असते, दोन्ही नाकपुड्या सारख्या नसतात. हे 'सुधारायचं' नाही. सुरकुत्यांचा नियम माझा असा की संख्या कमी करायची, जागा बदलायची नाही. कपाळावर सात रेघा असतील तर ठळक तीन-चार ठेवा आणि बाकीच्या तुकड्यात विरघळू द्या. पण डोळ्याच्या कोपऱ्यातल्या आणि हसताना गालाला पडणाऱ्या घडीला हात लावू नका. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचा तीळ, नाकात चमकी घालून ओढलेलं भोक हे सगळं मूळ फोटोवरून जसंच्या तसं. घरचे आधी तिथेच बघतात. "आमची आज्जी न्हवं" हे वाक्य बहुतेक वेळा यातलंच काहीतरी गेल्यामुळे ऐकायला मिळतं.

केसांना स्मज वापरून केस निघत नाहीत, केसांची जमीन, म्हणजे खालचा थर, निघतो. आधी मोठ्या ठिपकेदार ब्रशने, स्ट्रेंग्थ ९०, केस जसे विंचरलेत तशा दिशेने लांब फटकारे. गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटा वेगळ्या राहिल्या पाहिजेत. तेल लावून मधोमध भांग पाडलेले केस असतील तर चमकेचा पट्टा केसांना आडवा जातो, डोक्याच्या गोलाईबरोबर. तो पट्टा सांभाळा, त्याच्याशिवाय डोकं गोल वाटत नाही. मग वेगळ्या लेअरवर साध्या ब्रशने सुटे केस: ३ ते ६ पिक्सेल जाडी, टोकाला निमुळते, रंग त्याच फोटोतून ऑल्टने उचललेला. आधी गडद, मग मध्यम, शेवटी थोडेच उजळ. तुमचा गोळा होतो तो सगळे केस एकाच जाडीचे, एकाच रंगाचे आणि समांतर काढल्यामुळे. चार केस दुसऱ्या झुबक्यावरून आडवे जाऊ द्या, दोन कानावर येऊ द्या. कपाळाच्या कडेला तर सरळ रेघ चालतच नाही. तिथे कातडीचा रंग थोडा केसांत ओढा, केसांचा थोडा कातडीवर, आणि मग बारीक लव काढा. पांढरे केस पांढऱ्या रंगाने काढायचे नसतात. करड्या-निळसर जमिनीवर अगदी मोजके पांढरे. मिशी ओठाच्या वरच्या खाचेपासून दोन्ही बाजूंना खाली उतरते, उलट दिशेने एकही केस नको.

टॅब्लेटचा प्रश्न इथेच येतो. पेन दाबण्यावर जाडी बदलते म्हणून केस झपाट्याने होतात, आणि हे काम रोजचं होणार असेल तर लहानसा पेन टॅब्लेट घ्याच. सहा-आठ इंचाचा पुरतो, पडद्यावर काढायचा महागडा नको. तोपर्यंत माउसवरही होतं. पेन टूलने केसाचा वळणदार पाथ काढा, ब्रशच्या शेप डायनॅमिक्समध्ये आकाराचा कंट्रोल 'पेन प्रेशर' ठेवा, मग पाथवर राइट क्लिक करून 'स्ट्रोक पाथ', ब्रश निवडा आणि 'सिम्युलेट प्रेशर'वर खूण करा. दोन्ही टोकं निमुळती येतात. त्याच यादीत स्मज टूलही आहे, त्यामुळे भुवईचा किंवा साडीच्या काठाचा लांब सलग फटकाराही माउसने मारता येतो. वेळ जास्त लागतो, पण पाथ काढून काढून केसांची वळणं डोक्यात बसतात.

फोटोशॉपचं भाडं परवडत नसेल तर क्रिटा फुकट आहे आणि त्यातलं 'कलर स्मज' इंजिन या कामाला फार चांगलं आहे. स्मिअरिंग मोड रंग ओढत नेतो, डलिंग मोड मिसळतो. फोटोशॉपमध्येच सीएस-५ पासून, म्हणजे २०१० पासून, मिक्सर ब्रशही आहे. मला तो कपड्यांना आवडतो, चेहऱ्याला नाही.

कपड्यांवर फार रेंगाळू नका. घडीच्या लांबीने ओढा, घडीच्या आडवे नको. इरकल लुगडं असेल तर काठ आणि पदर शेवटी, आणि ते मोठ्या फटकाऱ्यांनी नव्हे. शहापूर-वडगावात विणकरांच्या घरातली गिऱ्हाइकं येतात, काठातली एक रेघ इकडची तिकडे झालेली त्यांना लांबून कळते. नथ, ठुशी, मंगळसूत्र यांना स्मज जवळजवळ लावायचाच नाही. मोती एकेक करून: एक टोकदार चमक, मधे सावली, आणि खालच्या कडेला त्वचेचा परत आलेला तांबूस उजेड. बस. फौजेतल्या माणसाचं चित्र असेल, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे ते येतंच, तर टोपीवरचा बिल्ला आणि छातीवरच्या पदकांच्या फिती मूळ फोटोतून मास्कने तशाच घ्या. फितींच्या रंगांचा आणि जागेचा क्रम ठरलेला असतो. तो पसरवलात तर घरातला फौजी चित्र परत पाठवतो.

पार्श्वभूमीला ढगाळ गुलाबी-जांभळा धूर सोडायची फॅशन आहे. मला ती अजिबात आवडत नाही. चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला मागं थोडं गडद आणि सावलीच्या बाजूला थोडं उजळ ठेवलं की माणूस आपोआप पुढं येतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आहे. कधी गेलात तर त्यातल्या कडा बघा: दिव्याजवळची बोटं आणि चेहरा स्पष्ट, आणि पाठीकडचं सगळं अंधारात विरत गेलेलं. आपल्या कामात सगळ्याच कडा कापून काढल्यासारख्या असतात, आणि त्यामुळे चित्र मागच्या रंगावर चिकटवल्यासारखं दिसतं. खांदे आणि पाठीमागचे केस पार्श्वभूमीत थोडे ओढून सोडून द्या. धारदारपणा डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठांना राखून ठेवा.

गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर काम सुरू करण्याआधी घरच्यांना दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. कुंकू आणि मंगळसूत्र दाखवायचं की नाही? बाई अहेव गेली असेल तर ते हवंच असतं. नसेल तर तुम्ही आपल्या मनाने सजवलेलं कपाळ बघून घरात रडारड होते. टोपी, फेटा की उघडं डोकं? हार घालणार असतील तर छातीखाली जागा सोडा, नाहीतर हार हनुवटीवर येतो. नाव मराठीत, कानडीत की दोन्हीत, तेही लिहून घ्या. अथणी-चिकोडीकडच्या घरांत सासरचं एक आणि माहेरचं एक असं दोन्ही निघतं, आणि फॉन्ट बदलला की कानडी जोडाक्षरं तुटतात. प्रिंटला देण्याआधी ती ज्याला वाचता येतात अशा माणसाकडून वाचून घ्या.

शेवटचा हात हलका. सगळे लेअर एकत्र केलेली प्रत वर घ्या, कडा धारदार करणारा 'हाय पास' फिल्टर २ ते ३ पिक्सेल, मोड ओव्हरले, काळा मास्क, आणि फक्त डोळे, ओठ, केस, दागिने यांवरच तो पांढऱ्या ब्रशने उघडा. गालावर उघडलात की पुन्हा प्लॅस्टिक. लॅबला फाइल एसआरजीबी या रंग-प्रोफाइलमध्ये द्या. दुकानातले मॉनिटर फार उजळ ठेवलेले असतात, त्यामुळे प्रिंट काळवंडलेली येते. नवीन लॅब असेल तर दोन्ही डोळे आणि गाल येईल एवढा तुकडा कापून तो ४ बाय ६ वर आधी काढून बघा. कॅनव्हासवर काढून लाकडावर ताणणार असतील तर चारी बाजूंना दीड-दोन इंच जास्तीचं चित्र लागतं. फ्लेक्सवर मात्र हे सगळं बारीक काम दिसत नाही: तिथे ७२ ते १०० पीपीआय पुरतं, सुटे केस गायब होतात, म्हणून फ्लेक्ससाठी केसांची जमीन आणि डोळे एवढंच नीट करा आणि वेळ वाचवा.

पैशाचं. दर चेहऱ्यागणिक ठेवा, मापागणिक नको. जोडप्याच्या चित्राला दोन चेहऱ्यांचं काम पडतं, कागद कितीही लहान असो. सुरुवातीला एका चेहऱ्याला तुमचा पूर्ण दिवस जाईल. दुकानात तुमच्या दिवसाची मजुरी किती पडते ती धरा, त्यात प्रिंट आणि फ्रेमचा खर्च वेगळा मिळवा, त्याखाली जाऊ नका. शेजारचा फिल्टर लावून दहा मिनिटांत देतो आणि निम्मे पैसे घेतो, ते खरंय. त्याच्याशी दरात भांडून उपयोग नाही, गिऱ्हाइकाला दोन्ही डोळे शेजारी ठेवून दाखवा. निम्मी रक्कम आधी घ्या. कच्चं चित्र दाखवायचं ते लहान मापाचं, वर दुकानाचं नाव टाकून, आणि चेहरा झाल्यावर, केस आणि कपडे करण्याआधी. बदल सांगायचे तर तेव्हाच सांगा म्हणावं. तुमचा हा आज्जीचा घोळही तिथेच सापडला असता. लेअरची मूळ फाइल गिऱ्हाइकाला देऊ नका, पण जपून ठेवा. घर वाटून वेगळे झालेले भाऊ पुढच्या वर्षी तेच चित्र आपल्यासाठी मागायला येतात, आणि त्यांच्यातल्या एकाला मागचा रंग निळा हवा असतो.